लोहचुंबक दूर ठेवा

सव्वापाच इंची फ्लॉपीच्या, म्हणजे संगणकाचा डेटा साठवायच्या जुन्या चकतीच्या, कागदी पाकिटावर मागच्या बाजूला छोटी छोटी चित्रं छापलेली असायची. वाकवू नका, उघड्या भागाला बोट लावू नका, उन्हात ठेवू नका. आणि त्यातच घोड्याच्या नालेसारखं एक लोहचुंबक, त्यावर फुली. संगणकाशी ज्यांची पहिली ओळख त्या काळात झाली, त्यांच्या मनात ती फुली कायमची बसली. पुढे फ्लॉपी गेली, सीडी आली, सीडीही गेली, पेन ड्राइव्ह आले, आणि आता निम्मे फोटो कुठल्यातरी डेटा सेंटरमध्ये असतात. फुली मात्र जागची हललेली नाही. ज्यांनी आयुष्यात फ्लॉपी पाहिलेली नाही अशी मुलंसुद्धा लॅपटॉपजवळ चुंबक दिसलं की उचलून लांब ठेवतात. का, असं विचारलं तर "डेटा उडतो ना" एवढंच सांगतात.

या भीतीबद्दल मला फार पूर्वीपासून कुतूहल आहे, कारण ती खोटी नाही. एके काळी ती अगदी खरी होती आणि काही वस्तूंच्या बाबतीत आजही आहे. पण आपण ती लावतो भलत्याच वस्तूंना, आणि जिथे खरोखर लावायला हवी त्या वस्तू बिनदिक्कत चुंबकाशेजारी ठेवून देतो. पहिली गोष्ट निरुपद्रवी आहे. दुसरीमुळे मी खरंच अस्वस्थ होतो.

आधी फ्लॉपीचं बघू. प्लॅस्टिकची पातळ चकती आणि तिच्यावर लोहाच्या ऑक्साइडचा तपकिरी लेप. त्या लेपातला प्रत्येक कण स्वतः एक चिमुकलं चुंबक असतो. लिहिणारं हेड अशा कणांच्या गटाला एका दिशेला किंवा तिच्या उलट वळवतं, आणि वाचताना दिशा कुठे कुठे बदलली ते ओळखलं जातं. तुमचं पत्र, हिशेब, प्रबंध, सगळं त्या दिशाबदलांच्या ओळीत असतं. तेव्हा खरा प्रश्न एकच: हे कण वळवायला बाहेरून किती जोर लागतो? कडी सैल असेल तर वाऱ्यानंही उघडते, घट्ट बसलेली असेल तर खांदा लावावा लागतो. हा जोर ओर्स्टेडमध्ये मोजतात आणि चुंबकाची ताकद सहसा गॉसमध्ये सांगतात. हवेत दोन्ही आकडे सारखेच धरले तरी चालतं. ३६० केबीच्या सव्वापाच इंची फ्लॉपीला साधारण ३०० ओर्स्टेड पुरत. १.४४ एमबीच्या साडेतीन इंचीला ७०० च्या आसपास लागत.

आता समोर घरातली चुंबकं ठेवू. फ्रिजला चिकटवायची जी चपटी, रबरासारखी लवचीक चुंबकं असतात त्यांची ताकद पृष्ठभागावर ५० ते १०० गॉस भरते, आणि तीही जेमतेम दोन-तीन मिलिमीटरपर्यंतच. त्यांत उत्तर आणि दक्षिण ध्रुवांचे अरुंद पट्टे एकाआड एक असतात, त्यामुळे थोडं लांब गेलं की ते एकमेकांना खोडून टाकतात. हे हातानं कळतं. अशी दोन चुंबकं पाठीला पाठ लावून एकमेकांवर सरकवा. एका दिशेनं ती गुळगुळीत सरकतात, दुसऱ्या दिशेनं टक टक टक असे टप्पे लागतात. प्रत्येक टप्पा म्हणजे एक पट्टा. फ्लॉपीच्या काळातसुद्धा या चुंबकांनी सहसा काही बिघडलं नसतं. स्पीकरच्या पाठीमागचं काळं, कड्यासारखं फेराइट चुंबक ही मात्र वेगळी गोष्ट. ते उघडं असेल तर त्याच्या अंगाशी काही शे गॉस सहज मिळतात, क्वचित हजाराच्या घरात. शिवाय ३०० ओर्स्टेड या आकड्याचा अर्थ असा नाही की २९९ पर्यंत सगळं सुरक्षित. तो आकडा एकूण चुंबकत्व शून्यावर येण्याचा आहे. त्यातले नरम कण त्याच्या बरेच आधी वळायला लागतात, आणि फाइल वाचता न येण्यासाठी सगळी पुसली जावी लागत नाही. टेबलावर फ्लॉपीशेजारी स्पीकर, घंटेचा जुना टेलिफोन ज्याच्या पोटात विद्युतचुंबक, आणि काचेच्या नळीचा मॉनिटर ज्यात रंग दुरुस्त करायला स्वतःचं चुंबकत्व पुसणारी तारेची गुंडाळी. फुली छापणाऱ्यांना हे सगळं माहीत होतं.

एवढ्यावरून चुंबकीय नोंद ही नाजूक चीज आहे असं वाटेल, पण तसं नाही. डेन्मार्कच्या वाल्डेमार पोल्सेनने १८९८ मध्ये पोलादी तारेवर आवाज साठवणारं यंत्र केलं. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्यावर ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ योझेफ चार शब्द बोलला, आणि ते आजही ऐकता येतात. सव्वाशे वर्षं. त्या तारेला वीज लागली नाही, कुणी ती ताजीतवानी केली नाही. जवळ दांडगं चुंबक आलं नाही, एवढंच.

चुंबकाच्या बाबतीत लोक ताकदीचा विचार करतात, अंतराचा करत नाहीत. खरा हिशेब अंतराचा आहे. चुंबकापासून त्याच्या आकाराच्या मानानं बऱ्यापैकी लांब गेल्यावर अंतर दुप्पट केलं की क्षेत्र आठवा हिस्सा उरतं. नियोडिमियमची, म्हणजे आज घरात सापडणाऱ्या सर्वांत जोरदार चुंबकाची, २० मिलिमीटर व्यासाची आणि ५ मिलिमीटर जाडीची चकती घ्या. तिच्या अंगाशी जवळजवळ ३,००० गॉस. अडीच सेंटिमीटरवर सुमारे १३०. पाच सेंटिमीटरवर वीसेक. दहा सेंटिमीटरवर तीन. पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र अर्ध्या गॉसच्या आसपास असतं, म्हणजे वीतभर अंतरावर ती भयंकर चकतीसुद्धा जवळजवळ पृथ्वीच्या पंगतीला येऊन बसते. कुणी विचारलं की टेबलाच्या त्या टोकाला चुंबक आहे, या टोकाला हार्ड डिस्क आहे, हलवू का, तर मी नको म्हणतो.

हार्ड डिस्कच्या आत काय आहे हे मात्र ज्यानं त्यानं एकदा पाहावं. बंद पडलेली, निकामी झालेली डिस्क मिळाली तर उघडून बघा. वरच्या झाकणाचे स्क्रू सहा टोकांच्या चांदणीचे असतात, साध्या स्क्रू ड्रायव्हरनं निघत नाहीत, आणि एखादा हमखास लेबलाखाली लपलेला असतो. झाकण निघालं की आरशासारखी चकती दिसते, इतकी स्वच्छ की आपलाच चेहरा त्यात दिसतो. कोपऱ्यात दोन जाड पोलादी पट्ट्या एकमेकींना घट्ट धरून बसलेल्या असतात. त्या वेगळ्या करताना खरा जोर लागतो, आणि सुटताना बोट मध्ये आलं तर कातडी सोलून निघते. त्या पट्ट्यांवर चिकटवलेली, कमानीसारखी, निकेलचा मुलामा दिलेली चुंबकं नियोडिमियमची असतात. त्यांच्या मधल्या फटीत हेडच्या बाहूला जोडलेली तांब्याची गुंडाळी हलते आणि हेडला हव्या त्या रेषेवर नेते. म्हणजे घरातली बहुधा सर्वांत दांडगी चुंबकं हार्ड डिस्कच्या पोटातच बसलेली असतात, डेटाच्या चकतीपासून बोटभर अंतरावर. पोलादी पट्ट्या त्यांचं क्षेत्र आतल्या आत फिरवून ठेवतात, त्यामुळे ते बाहेर फार सांडत नाही, हे खरं. तरी पहिल्यांदा ही रचना पाहिली तेव्हा चुंबकाची फुली माझ्या मनातून बरीचशी पुसली गेली.

चकती एवढी हट्टी का झाली, त्याचं कारण मला या सगळ्या विषयातलं सर्वांत सुंदर वाटतं. आजच्या चकतीवरचे कण वळवायला साधारण ५,००० ओर्स्टेड लागतात, फ्लॉपीच्या कितीतरी पट. पण हे घरातल्या चुंबकांच्या धाकानं केलेलं नाही. तेवढ्याच जागेत जास्त माहिती कोंबायची तर कण बारीक करावे लागतात, आणि कण फार बारीक झाले की खोलीतली साधी उष्णताच त्यांना हलवून उलटं करू शकते. कुणी काही न करता, टेबलावर पडल्या पडल्या नोंद विरघळायला लागली असती. त्यावर उपाय म्हणून अभियंत्यांनी वळायला अधिकाधिक कठीण असे मिश्रधातू निवडले. २००५ पासून बाजारात आलेल्या डिस्कांमध्ये कण आडवे न ठेवता उभे ठेवायला सुरुवात झाली, त्यामुळे लिहिण्याचा जोरही नेमका खाली उतरवता आला. आता तर काही डिस्कांमध्ये लोह आणि प्लॅटिनमचा इतका कठीण थर असतो की हेडलाही तो थंड असताना वळवता येत नाही. लेझरनं तो ठिपका क्षणापुरता ४०० अंशांच्या वर तापवतात, लिहितात, आणि तो लगेच निवतो. लढाई उष्णतेशी चालली होती. तिच्यात फ्रिजचं चुंबक आपोआप हरलं.

इतक्या कठीण थरावर हेड तरी कसं लिहितं? चकतीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत, आणि आपलं सगळं क्षेत्र एका सूक्ष्म टोकाशी एकवटून. ते टोक वीस हजार गॉसच्या घरातलं क्षेत्र उभं करतं, पण फक्त तेवढ्या ठिपक्यापुरतं. बाहेरून, धातूच्या खोक्यावरून, कित्येक मिलिमीटर अंतरावरून आपलं चुंबक त्याची बरोबरी करू शकत नाही.

माहिती किती चिवट असू शकते याचं एक उदाहरण मला विसरता येत नाही. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया हे अंतराळयान परतीच्या वाटेवर वातावरणात फुटलं आणि सातही अंतराळवीर गेले. अवशेषांमध्ये काही महिन्यांनी एका कोरड्या पडलेल्या तलावाच्या तळाशी एक हार्ड डिस्क सापडली. जळलेली, तडकलेली, आत धूळ गेलेली. तिच्यावर झेनॉन वायूवरच्या एका प्रयोगाच्या नोंदी होत्या. तज्ज्ञांनी चकत्या काढून स्वच्छ केल्या, दुसऱ्या यंत्रात बसवल्या, आणि सुमारे ९९ टक्के माहिती परत मिळाली. त्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या प्रयोगावर कष्ट घेतलेली माणसं परतली नाहीत. त्यांचं काम परतलं.

म्हणून "जुनी डिस्क विकण्याआधी तिच्यावर चुंबक घासलं, आता सगळं पुसलं" असं कुणी सांगितलं की मला काळजी वाटते. काहीही पुसलेलं नसतं. बँकेची कागदपत्रं, ओळखपत्रांचे फोटो, सगळं जसंच्या तसं पुढच्या माणसाच्या हाती जातं. डिस्क खरोखर पुसणारी चुंबकी यंत्रं असतात, डीगॉसर म्हणतात त्यांना, पण ती हजारो गॉसचा प्रचंड झटका देतात आणि त्यात कारखान्यात कोरलेल्या वाट दाखवणाऱ्या खुणाही जातात, त्यामुळे ती डिस्क पुन्हा कधीच चालत नाही. घासल्यावरही डिस्क चालत असेल तर डेटा गेला नाही असंच समजायचं. अख्ख्या डिस्कवर सॉफ्टवेअरनं नव्यानं लिहून काढा, नाहीतर ती आधीपासून एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे सांकेतिक किल्लीनं कुलूपबंद, असेल तर ती किल्ली नष्ट करा.

एक सावधगिरी सांगायलाच हवी. डिस्क चालू असताना तिच्या अंगावर मोठं नियोडिमियम चिकटवणं शहाणपणाचं नाही. पुसायला लागणारा जोर वेगळा आणि काम बिघडवायला लागणारा वेगळा. चालू डिस्कभोवती किती चुंबकीय क्षेत्र चालेल याची मर्यादा उत्पादक देतात, आणि ती पुसण्याच्या जोरापेक्षा खूप खाली असते.

पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड, एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी येणारी, चकती नसलेली चिपांची डिस्क), फोनची मेमरी, यांच्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, कारण तिथे चुंबकत्वाचा संबंधच येत नाही. तोशिबामध्ये काम करणाऱ्या फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात शोधलेल्या फ्लॅश मेमरीत माहिती म्हणजे विजेचा भार असतो, चहूबाजूंनी विजेला अडवणाऱ्या थरात कोंडलेला. चुंबक लावा, त्या भाराला त्याचा पत्ताही लागत नाही. सीडी-डीव्हीडीवर तर खड्डे किंवा रंगद्रव्यातले डाग असतात. त्यांना ऊन मारतं, ओरखडे मारतात, चुंबक नाही.

शेजारच्या काकूंनी एकदा मला थांबवून पर्स दाखवली. तिला चुंबकाचं बटण होतं. आत पेन ड्राइव्ह, आणि त्यात काकांचे सगळे फोटो. काका जाऊन फार दिवस झाले नव्हते.

"हे बटण टक्कन लागतं ना, मला सारखी धास्ती वाटते. जाईल का रे सगळं?"

"काकू, चुंबकानं याला काही होत नाही. अगदी निर्धास्त राहा. पण हे फोटो आणखी कुठे आहेत?"

"आणखी कुठे? यातच आहेत. म्हणून तर जिवापाड जपते."

त्या जपत होत्या, आणि अगदी मनापासून. फक्त त्यांचा सगळा पहारा ज्या दारावर होता तिथून कुणी येणारच नव्हतं. कोंडलेला भार हळूहळू झिरपतो. पूर्ण वापरून झालेल्या साध्या एसएसडीनं विजेविना, ३० अंश तापमानाला, डेटा निदान एक वर्ष धरून ठेवावा एवढीच जेडेक या, मेमरी चिपांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकाची अपेक्षा आहे. नव्या वस्तूचा भार कितीतरी जास्त टिकतो, पण स्वस्त पेन ड्राइव्हमध्ये कुठल्या प्रतीची चिप आहे हे बाहेरून कुणालाच दिसत नाही. शिवाय तो हरवतो, धुण्याच्या कपड्यांत जातो, लिहिणं चालू असताना उपटला जातो. काकूंचे फोटो आम्ही त्याच संध्याकाळी दोन ठिकाणी उतरवून घेतले. पर्स तीच आहे.

चुंबकानं आजच्या उपकरणांना काहीच होत नाही असं मात्र नाही. लॅपटॉपच्या झाकणात छोटं चुंबक असतं आणि खालच्या भागात ते ओळखणारा सेन्सर. झाकण मिटलं की मशीन झोपतं ते त्यामुळेच. चुंबकी पट्ट्याचं घड्याळ घालून टाइप करताना मनगट नेमकं त्या जागी आलं तर पडदा अचानक काळा होतो. माणसाच्या पोटात गोळा येतो, पण काहीही गेलेलं नसतं. हात उचलला की सगळं परत. फोनचं होकायंत्र वेडंवाकडं दाखवतं. काळ्या पट्टीची कार्डं खरोखर पुसली जातात, विशेषतः हॉटेलच्या खोलीची किल्ली म्हणून मिळणारी, कारण तिच्यावरची पट्टी फ्लॉपीइतकीच नरम, ३०० ओर्स्टेडची असते. बँकेच्या कार्डांवरची पट्टी सहसा २,७५० च्या वरची. आणि एका जागी ही सावधगिरी जिवाची आहे: छातीत पेसमेकर असेल तर चुंबक बसवलेला फोन त्यापासून निदान १५ सेंटिमीटर लांब ठेवायचा. डेटाच्या धाकापायी आपण लॅपटॉपला जपतो आणि तोच फोन शर्टाच्या खिशात ठेवतो.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. घराघरांत अजून कॅसेट आहेत. साध्या ऑडिओ कॅसेटचा थर ३०० ते ४०० ओर्स्टेडचा असतो, म्हणजे जुन्या फ्लॉपीच्याच जातीचा. व्हीएचएस, म्हणजे व्हिडिओ कॅसेट, त्याच्या दुप्पट असेल. त्यांवर लग्नं आहेत, बारशी आहेत, आजीनं म्हटलेल्या ओव्या आहेत, आजोबांचा खाकरून मग बोलायला लागण्याचा आवाज आहे. जगात दुसरी प्रत नसलेल्या या गोष्टी. त्या कुठे असतात? एका खोक्यात, आणि ते खोकं म्युझिक सिस्टिमच्या स्पीकरवर, नाहीतर स्पीकरच्या मागे, कारण तिथे जागा असते. पाकिटावरची फुली ज्यांच्यासाठी छापली होती त्यांतल्या उरलेल्या ह्याच. इथे चुंबक एका झटक्यात सगळं पुसत नाही, म्हणून लक्षातही येत नाही. आधी आवाजातली धार जाते, स-श-च यांची टोकं बोथट होतात, मागे खरखर वाढते. आपण म्हणतो, टेप जुनी झाली. दमटपणाचाही त्यात हात असतो, लेप धरून ठेवणारा गोंद पाणी शोषून चिकट होतो. पण चुंबकाचा वाटा तर आज, आत्ता, खोकं दीड हात बाजूला सरकवून थांबवता येतो.

उतरवून घ्यायची वेळ येते तेव्हा आणखी एक काम असतं. कॅसेट प्लेअरचं हेड वर्षानुवर्षं वापरून स्वतःच थोडं चुंबक बनलेलं असतं, आणि प्रत्येक वाजवण्यागणिक ते टेपवरचे उंच स्वर किंचित पुसत जातं. त्यासाठी हेड डीमॅग्नेटायझर नावाची, पेनाएवढ्या टोकाची वस्तू मिळते. म्हणजे इथे आपणच जाणूनबुजून चुंबक जवळ न्यायचं असतं. प्लेअरची वीज बंद हवी. सगळ्या कॅसेट आधी खोलीच्या दुसऱ्या टोकाला. डीमॅग्नेटायझर हातभर अंतरावर असतानाच चालू करायचा, मग सावकाश हेडजवळ आणायचा, हेडवरून आणि टेप जिथून जाते त्या पोलादी दांडीवरून हलकेच फिरवायचा, टेकवायचा नाही. मग तितक्याच सावकाश मागे घ्यायचा, पुन्हा हातभर लांब, आणि तिथे गेल्यावरच बंद करायचा. घाईनं हेडजवळच बंद केला तर ते पहिल्यापेक्षा जास्त चुंबकीय होऊन बसतं, आणि त्यानंतर वाजवलेली पहिलीच कॅसेट त्याची किंमत मोजते. म्हणून पहिल्यांदा लावायला बाजारातल्या गाण्यांची एखादी कॅसेट ठेवावी, जिच्या हजारो प्रती निघाल्या आहेत. ओव्यांची त्यानंतर.